एकदाच बंद होणारी पेटी

या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "काका, म्युझियममधलं काहीतरी लिहा ना. ममी, शाप, भुतंबितं. लोक आवडीने वाचतात." मी म्हटलं, बाई, इतकी वर्षं तिथे काढली, भूत एकदाही भेटलं नाही. भेटलं असतं तर आधी त्याला विचारलं असतं, की बाबा रे, पिरॅमिडमधले ते ग्रॅनाइटचे ठोकळे उतारावर थोपवून धरले होतेत तरी कसे? त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग तेच लिहा. तर तेच लिहितो. भुताची आशा धरून जो वाचायला बसला असेल त्याने आत्ताच पान उलटावं.

मी सुतार. कागदोपत्री माझ्या हुद्द्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण काम सुताराचं. वडील खडकीच्या कारखान्यात सुतारखात्यात होते. मी पुण्यात पॅटर्नमेकर झालो, म्हणजे लोखंड ओतायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो, तो करणारा. त्याच हुन्नरावर व्हिसा मिळाला, सिडनीला आलो, इथली फाउंड्री बंद पडली आणि एका म्युझियमच्या तळघरातल्या वर्कशॉपमध्ये चिकटलो तो रिटायर होईपर्यंत. म्युझियमचं नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढे कळेलच.

केलीव्हिलला, म्हणजे सिडनीतल्या आमच्या उपनगरात, ओळखीतली निम्मी मंडळी आयटीतली. नवीन कोणी भेटला की विचारायचा, "काका, तुम्ही कुठल्या प्रोजेक्टवर?" मी म्हणायचो, "पिरॅमिडच्या." त्याला वाटायचं, एखाद्या सॉफ्टवेअरचं नाव असेल. मग खुलासा केला की समोरचा जरा थांबून "वा, इंटरेस्टिंग हं" म्हणायचा आणि समोशाकडे वळायचा.

आमच्या वर्कशॉपमध्ये तीन प्रकारची कामं असत. स्टँड, पेट्या आणि मॉडेल. स्टँड असा हवा की वस्तू हवेत तरंगतेय असं वाटलं पाहिजे. पेटी अशी हवी की विमानातून आपटत गेली तरी आतल्या मडक्याला कळता कामा नये. आणि या सगळ्यावर एकच नियम, पहिल्या दिवशी कानीकपाळी ओरडून सांगितलेला: जे जोडाल ते पुन्हा सोडवता आलं पाहिजे. खिळा नाही, फेविकॉल नाही, फक्त स्क्रू. कारण म्युझियममधली पेटी कोणीतरी उघडणारच. कस्टमवाला उघडेल, दुसऱ्या देशातला क्युरेटर उघडेल, अजून जन्माला न आलेला कोणी संशोधक उघडेल. हा नियम माझ्या हाडांत इतका मुरला की घरी बुद्धमूर्तीचा कोनाडासुद्धा मी स्क्रूवर बसवलाय. सुनंदा म्हणते, "तथागतांना काय टूरवर न्यायचंय का?"

हेलन आमच्याकडे इजिप्तच्या दालनाची क्युरेटर, म्हणजे त्या दालनाची सर्वेसर्वा. उंच, बारीक, आणि 'बहुधा' हा शब्द घातल्याशिवाय तिचं एकही वाक्य पुरं होत नसे. एकदा ती खाली आली आणि म्हणाली, "मिल, मला बहुधा मोठ्या पिरॅमिडचं उभं कापलेलं मॉडेल हवंय. लोकांनी हात लावायचा. दांडा ओढला की आतला रस्ता बंद झाला पाहिजे." माझं नाव मिलिंद, पण इथे दोन अक्षरांपलीकडे कोणी जात नाही.

मी म्हटलं, आधी मला तो रस्ता समजावून सांग. पुढचे काही महिने ती सांगत राहिली आणि मी तासत राहिलो.

तुम्ही कार्ल्याची लेणी पाहिली असतील. तिथे डोंगर आधी होता आणि माणसांनी त्यातून दगड काढून पोकळी केली. पिरॅमिडमध्ये बरंचसं उलटं आहे. सगळ्यात खालचा भाग सोडला तर आतले रस्ते कोणी नंतर खोदले नाहीत. दगडांचे थर रचत वर जाताना तेवढी जागा मोकळी सोडत गेले. बोलायला सोपं आहे. पण रस्ता तिरका आहे आणि थर आडवे. दर थरात ती मोकळी जागा थोडी थोडी सरकवायची आणि शेवटी सगळी मिळून एक सरळ उतार झाला पाहिजे. एका थरात चुकलात तर वर लाखो मणांचा दगड येऊन बसलेला असतो, दुरुस्ती नाही.

म्हणून त्यांनी काय केलं, तर पिरॅमिडजवळच्याच खडकात त्या रस्त्यांचा नमुना कोरला. रुंदी तीच, उंची तीच, फक्त लांबी कमी. कुठला रस्ता कुठे फुटतो, कुठे अरुंद होतो, हे सगळं आधी तिथे करून पाहिलं. नमुना कशासाठी यावरही विद्वानांचे वाद आहेत म्हणे, पण हेलनने मला त्याचे फोटो दाखवले तेव्हा मी खुर्चीवरून उठलोच. म्हटलं, हे तर आमच्या धंद्यातले लोक! आधी पॅटर्न, मग माल. इतक्या हजार वर्षांपूर्वीचा कोणी माणूस आपल्यासारखाच विचार करत होता, याचा मला फार आनंद झाला. हेलन म्हणाली, "बहुधा."

आता तो रस्ता बंद कसा करायचे, ते सांगतो. वर चढत जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला एक उंच, निमुळतं दालन आहे. राजाची मिरवणूक आत जायच्या आधीच तिथे ग्रॅनाइटचे ठोकळे आणून आडव्या लाकडांनी अडवून ठेवले होते, असं मानतात. अंत्यविधी झाला, लोक बाहेर गेले, की आतल्या कामगारांनी लाकडं काढायची. ठोकळे घसरत खाली जाणार. तो रस्ता खालच्या टोकाला किंचित अरुंद केलेला आहे, तिथे पहिला ठोकळा पाचरीसारखा रुतणार आणि बाकीचे त्याच्यामागे. झालं, रस्ता कायमचा बंद.

हे सांगितलं की शाळेतली पोरं लगेच विचारायची, मोठी माणसं कधीच विचारत नसत: "मग लाकडं काढणारी माणसं? ती तर आतच राहिली!" बरोबर. ती ठोकळ्यांच्या वरच्या बाजूला राहिली. त्यांच्यासाठी त्या दालनाच्या तळाशी एक अरुंद, वेडावाकडा भुयारी मार्ग आहे. तो ठोकळ्यांना वळसा घालून, बाहेरून उतरत येणाऱ्या खालच्या रस्त्याला मिळतो. त्यातून ती माणसं उतरली, बाहेर आली आणि मग बाहेरचं तोंड बंद केलं. हेलनच्या मते बहुधा. मी मॉडेलमध्ये तो मार्ग मुद्दाम बोट जाईल एवढा रुंद ठेवला होता. पोरं त्यात बोट घालून खालून बाहेर निघतंय का बघत आणि निघालं की निश्चिंत होत.

मॉडेलने मला पहिल्याच दिवशी दगा दिला. पाहुणे जमलेले, भाषणं झालेली, डायरेक्टरने दांडा ओढला आणि ठोकळा अर्ध्यात अडकला. सिडनीच्या दमट हवेत लाकडाचा उतार फुगला होता. मी खाली धावलो, वर्कशॉपमधल्या एका मदतनीस बाईंच्या ड्रॉवरमधून बेबी पावडर आणली आणि पिरॅमिडमध्ये ओतली. ठोकळा जो सुटला तो धाडकन खाली. टाळ्या पडल्या. पुढे हेलनने सांगितलं की ते लोकही बहुधा ओला चुना वगैरे लावून ठोकळे घसरवत असतील. तेव्हापासून रोज सकाळी फारोच्या थडग्याला बेबी पावडर लावणं हे माझ्या नोकरीत आलं.

एक रिटायर्ड बस ड्रायव्हर यायचे, त्यांची खात्री होती की हे सगळं परग्रहावरच्यांनी केलं. "नो वे, मेट. माणसाच्यानं हे होणं शक्य नाही." सुरुवातीला मी हसायचो. नंतर मला राग यायला लागला. माणसांनी केलं म्हणूनच तर त्यात चुका आहेत, सुधारणा आहेत, अर्ध्यात सोडलेली कामं आहेत. घाम गाळणाऱ्याच्या हातून श्रेय काढून आकाशातल्या कोणाला तरी द्यायचं, ही खोड मी माझ्या देशातही पाहिली आहे. हे मी त्यांना एकदा जरा जोरातच ऐकवलं. ते पुढच्या आठवड्यात परत आले आणि म्हणाले, "तू म्हणतोस त्यात पॉइंट आहे." पण पटलं नव्हतंच.

पोरांना मी एक गोष्ट सांगत नसे. ती म्हणजे हे सगळं करून उपयोग झाला नाही. चोर आले, ग्रॅनाइटला हातही लावला नाही. ग्रॅनाइट कठीण, पण त्याच्या बाजूचा चुनखडीचा दगड मऊ. त्यांनी बाजूने खणलं आणि वळसा घालून आत गेले. जवळजवळ प्रत्येक पिरॅमिड असाच फुटला. आणि चोरांच्या मागोमाग, काही शतकांनी, टोप्या घालून आणि परवाने घेऊन आमच्यासारखे लोक आले. चोरांनी सोनं नेलं, आम्ही माणसंच उचलून आणली. ती वरच्या दालनात काचेच्या पेटीत होती, आणि त्या पेटीचे स्क्रू मीच पिळले होते. यावर मी कधी फार विचार केला नव्हता. रोजचं काम असलं की माणूस करत नाही.

मग आंटी जून आल्या.

इथल्या पुष्कळ म्युझियमच्या तळघरात ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळनिवासी लोकांच्या पूर्वजांच्या अस्थी होत्या, काही ठिकाणी अजून आहेत. जुन्या काळी हौशी साहेबांनी थडगी खणून त्या गोळा केल्या, मोजल्या, कपाटात ठेवल्या. आता त्या परत करतात. आमच्याकडून परत जायच्या तेव्हा पेट्या मी करत असे. आंटी जून आपल्या गावच्या एका वृद्ध पूर्वजाला न्यायला आल्या होत्या. इथे वडीलधाऱ्या बायकांना मानाने आंटी म्हणतात, आपल्याकडच्या मावशी-काकूसारखं. त्यांचं नाव जून नाही. त्यांच्या लोकांचं आणि नदीचं नाव लिहू नकोस असं त्यांनी सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. बरोबर त्यांचा भाचा डॅरेल होता, चाळिशीचा, धिप्पाड, जंगलखात्यात रेंजर, बोलायला अगदी कमी.

मी त्यांच्यासमोर पेटी ठेवली. उत्तम प्लायवूड, आतून करड्या फोमचं अस्तर, पितळी स्क्रू, दोन्ही बाजूंना कड्या. मला त्या पेटीचा अभिमान होता. आंटींनी तिच्यावरून हळूच हात फिरवला.

"छान केलीयस रे बाबा," त्या म्हणाल्या. "हे स्क्रू कशाला?"

"उघडायला, आंटी."

"कोणी?"

मी हेलनकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती.

आंटी खुर्चीत बसल्या. आवाज चढला नव्हता. "त्याला निजवला होता, तिथून उकरून काढला. धुतला. डोकं मोजलं. कपाळावर शाईने नंबर घातला. दर काही वर्षांनी कोणीतरी नवीन शहाणा यायचा आणि झाकण उघडून परत मोजायचा. माझी आजी याच्यासाठी पत्रं लिहून लिहून गेली. आई गेली. आता मी त्याला न्यायला आलेय, आणि तू मला परत उघडता येईल अशी पेटी देतोयस?"

मला इतकी लाज वाटली की कान तापले. मी काही वाईट केलं नव्हतं. नियमाप्रमाणे केलं होतं, आणि तेच वाईट होतं.

चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "वरती तो पिरॅमिड तुझाच ना? पोरं खेळत होती. इतके दगड लावून तो म्हातारा राजा राहिला का आत नीट?"

"नाही, आंटी. बाजूने खणून नेला."

"मग दगड कामाचा नाही."

"दगडाने चोराला उलट कळतं, कुठे खणायचं ते."

त्यांनी रिकामा कप बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणून आम्ही तिथे खूण काहीच ठेवणार नाही. जागा आमच्यातल्या चारदोघांना माहीत असेल. तुम्हाला सांगणार नाही. ठीक आहे?" मी म्हटलं, ठीक आहे. जरासं लागलं, खोटं कशाला बोलू.

"तुझ्या मॉबमध्ये म्हाताऱ्या माणसांचं काय करतात?" मॉब म्हणजे आपलं गणगोत, आपली माणसं. मी सांगितलं, जाळतो, अस्थी पाण्यात सोडतो. "शहाणे आहात," त्या म्हणाल्या. "कपाटात ठेवायला कोणाला काही उरतच नाही." मी म्हटलं, तसंही नाही, आंटी. आम्ही बौद्ध. आमच्याकडे फार जुन्या काळी थोरांच्या अस्थी स्तूपाच्या पोटात, दगडी करंडकात बंद करून ठेवत. त्याला रस्ताच ठेवत नसत, वरून सगळं भरून टाकत. तेही साहेबांनी वरून खणून काढले. कितीतरी करंडक म्युझियममध्ये गेले. शाळेच्या सहलीत एक स्तूप पाहिला होता, मधोमध खड्डा पडलेला. गुरुजींनी सांगितलं, हे 'संशोधन' आहे.

आंटींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "मग तुला पेटी कशी हवी ते कळेल," त्या म्हणाल्या.

मला कळलं, पण जमेना. आयुष्यभर उघडता येणाऱ्या पेट्या केल्या, आता न उघडणारी करायची. खिळे ठोकू म्हटलं तर खिळा उपटता येतो, आणि आंटींना त्याच्याजवळ लोखंड नको होतं. शेवटी मी हेलनकडे गेलो. म्हटलं, राजाच्या शवपेटीचं झाकण कसं बसवलं होतं? तिने रेखाटन काढून दिलं. झाकण आज नाही, पण दगडी पेटीवरच्या खाचा शिल्लक आहेत. झाकण एका लांब बाजूने खाचेत सरकवत आणायचं. झाकणाच्या पोटात तीन भोकं, त्यांत तीन सुट्या खुंट्या. झाकण पूर्ण आत गेलं की प्रत्येक खुंटी बरोबर पेटीच्या काठावरच्या भोकावर येते आणि आपल्याच वजनाने खाली पडते. अर्धी झाकणात, अर्धी काठात. बाहेरून काही दिसत नाही, काही धरता येत नाही. उघडायचं तर फोडायलाच हवी.

मी म्हटलं, हेलन, हेच.

ऑफिसातून नकार आला. हस्तांतराच्या आधी आतली स्थिती कधीही तपासता आली पाहिजे, असा नियम होता. हेलन वर गेली. बऱ्याच वेळाने खाली आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. "मिल, हे होणार आहे," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने 'बहुधा' न म्हणता बोललेलं ते पहिलं वाक्य मला आठवतं.

लाकूड डॅरेलने आणलं. त्यांच्या नदीकाठी उन्मळून पडलेला रेड गम, इथल्या निलगिरीची एक जात, लालभडक, जड, आडमुठा. आधी मी साध्या पाइनची एक नमुन्याची पेटी केली. डॅरेलला शिकवायचं होतं, कारण खरं झाकण मी नव्हे, घरच्यांनीच लावायचं होतं. खुंट्यांखाली एक पातळ पट्टी धरायची, झाकण बोटभर उरलं की पट्टी ओढून घ्यायची आणि हलकेच ढकलायचं. त्याने ढकललं. टक, टक, टक. मग त्याने झाकण ओढून पाहिलं, पेटी कुशीवर आडवी केली, गुडघा लावला. काही हललं नाही. तेव्हा तो पहिल्यांदा हसला. "गुड वन, अंकल." ती पेटी आम्ही दोघांनी कुऱ्हाडीने फोडली आणि मला ते करताना बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

खऱ्या पेटीची धास्ती वेगळी होती. ती तपासता येत नव्हती. बंद करून पाहिली तर बंदच झाली. खुंट्या एकेक करून त्यांच्या भोकांत सोडून पाहिल्या, झाकण अर्ध्यापर्यंत सरकवून पाहिलं, तासलं, घासलं, मेण लावलं. पण तिन्ही खुंट्या एकत्र, झाकण पूर्ण आत, हे मला कधीच बघता येणार नव्हतं. रेड गम हवा बदलली की फुगतो. एक केसभर फुगला तरी खुंटी अडकणार. मी घरी सुनंदाला म्हटलं, पिरॅमिडवाल्यांना निदान बेबी पावडर तरी चालली असती.

न्यायच्या दिवशी सकाळी आंटींच्या माणसांनी माल उतरवायच्या धक्क्यावर हिरव्या पाल्याची धुरी केली. सिक्युरिटीवाल्याने त्याआधी धुराचा अलार्म बंद करून ठेवला होता आणि टोपी काढून उभा होता. धूर पेटीवरून नेला, आमच्यावरूनही नेला. मग पेटी आतल्या खोलीत गेली, जिथे तो होता. दार लागलं. आत फक्त घरचे. हेलन आणि मी बाहेर कॉरिडॉरमध्ये.

आतून आंटींचा आवाज येत होता, त्यांच्या भाषेत, कोणाला तरी उठवण्यापूर्वी बोलावं तसा हळू. मग लाकूड सरकल्याचा आवाज.

टक.

टक.

मग काही नाही.

मी थांबलो. अजून काही नाही. माझ्या एप्रनच्या खिशात रबरी हातोडी होती. बाहेरून एक हलका ठोका दिला असता तर काम झालं असतं. मी दाराकडे पाऊल टाकलं तशी हेलनने माझी बाही धरली. ती रडत होती. दोन खुंट्यांवर झाकण राहिलं असतं, पण पहार घालणाऱ्याला तिसऱ्या खुंटीच्या बाजूने उचकटता आलं असतं. ज्या एका गोष्टीसाठी त्या बाईच्या तीन पिढ्या झटल्या, ती माझ्या लाकडाने अर्धवट सोडली, असं मला वाटलं.

दार उघडलं. डॅरेलने माझ्याकडे बघून किंचित मान हलवली. नाही पडली.

"आंटी," मी म्हटलं, "फक्त एकदा, बाहेरून, हलकं ठोकू द्या. त्याला हात लागणार नाही."

"नको."

"आंटी, दोनच पडल्यात."

"ऐकलं मी." त्यांनी माझ्या हातातल्या हातोडीकडे पाहिलं. "त्याच्यावर आता कोणी काही ठोकायचं नाही. दोन तर दोन. चला रे पोरांनो, उचला."

चौघांनी पेटी उचलली. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. मला त्या पेटीकडे बघवेना. कॉरिडॉर संपून धक्क्याचा उतार सुरू होतो, तिथे पुढच्या दोघांनी पाऊल खाली टाकलं आणि पेटी जराशी कलली.

टक.

चौघेही जागच्या जागी थांबले. आवाज सगळ्यांनी ऐकला होता. आतून आलेला, स्वच्छ, तिसरा. डॅरेल हसायला लागला आणि हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. हातात ओझं होतं, त्याला डोळेही पुसता येईनात. मी पुढे होऊन माझ्या रुमालाने त्याचे डोळे पुसले. माझेही वाहत होते.

आंटी मागे वळल्या नाहीत. पेटीवर तळहात ठेवून त्या म्हणाल्या, "बघितलंस, मिल? शेवटचं दार त्याने स्वतः लावलं."

पेटी गाडीत ठेवली, वर पाला घातला. आंटी पुढच्या सीटवर बसल्या, त्यांनी काच खाली करून हात बाहेर काढला. मी तो दोन्ही हातांनी धरला, मग सोडला. गाडी सुरू झाली.

फाटकाच्या बाहेर रस्ता दोन्हीकडे जातो. ती डावीकडे वळली की उजवीकडे, ते मी पाहिलं नाही. मी पाठ फिरवून उभा होतो.